वाचकांचे प्रश्न : ‘फ्राउन्ड अपॉन’ म्हणजे बंदी की नापसंती?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे एकाच इंग्रजी क्रियापदाबद्दल आहेत. म्हणून इतर प्रश्न पुढील अंकासाठी राखून ठेवले असून हे संपूर्ण सदर ‘फ्राउन अपॉन’ या प्रयोगाला दिले आहे. इंग्रजी उदाहरणे नेहमीप्रमाणे देवनागरीतच छापली आहेत.

प्रश्न : मी हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. आमच्या इंग्लंडमधील ग्राहकाने कामाच्या पद्धतीविषयी पाठवलेल्या पत्रात ‘कॉलिंग टीम मेंबर्स आफ्टर ऑफिस अवर्स इज फ्राउन्ड अपॉन’ असे वाक्य होते. आमच्यापैकी काहींनी त्याचा अर्थ ‘मनाई आहे’ असा घेतला, तर काहींनी ‘त्यांना फारसे आवडत नाही, पण चालते’ असा घेतला. शब्दकोशात ‘नापसंती दर्शवणे’ एवढेच मिळाले. नेमका अर्थ कोणता धरावा?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : शब्दकोशाने दिलेला अर्थ बरोबर आहे, पण तेवढ्याने आपले वाक्य उलगडत नाही. ‘फ्राउन’ म्हणजे कपाळाला आठ्या घालणे. त्याला ‘ऑन’ किंवा ‘अपॉन’ जोडले की आठ्या घालणारा चेहरा मागे पडतो आणि एखाद्या वागणुकीविषयी समाजाचे, संस्थेचे किंवा एखाद्या वर्तुळाचे काय मत आहे, हे सांगितले जाते. ती गोष्ट नियमाने अडवलेली नसते, ती केल्यास दंड होत नाही, कोणी पावती फाडत नाही. तरीही तिथली माणसे ती गैर मानतात आणि ती करणाऱ्याविषयीचे त्यांचे मत खाली येते. अशा गोष्टीला इंग्रजीत ‘इट इज फ्राउन्ड अपॉन’ म्हणतात.

मराठीत याच्या सर्वांत जवळचा वाक्प्रचार ‘नावे ठेवणे’ हा आहे, आणि बोलण्यात आपण ‘ते बरे दिसत नाही’ असे म्हणतो तेव्हाही जवळपास हाच आशय असतो. मात्र मला त्याहून नेमकी वाटते ती आपल्या घराघरांत ऐकू येणारी एक वाक्यरचना. ‘दिवेलागणीला केर काढत नाहीत.’ ‘रात्री नखे कापत नाहीत.’ ‘पंगतीतून मध्येच उठत नाहीत.’ या वाक्यांत कर्ता कुठेच नाही. कोण केर काढत नाहीत, असे ऐकणारी नात आजीला विचारत नाही, कारण ‘आपल्याकडे, आपली माणसे’ हे उत्तर क्रियापदाच्या अनेकवचनातच आलेले असते. आणि वाक्य दिसायला नुसते वर्णन असले तरी ते ऐकून हातातला झाडू खाली ठेवला जातो. ‘फ्राउन्ड अपॉन’ या कर्मणी प्रयोगाचे काम असेच चालते. आठ्या कोणाच्या कपाळावर पडतात, हे त्यात सांगितलेले नसते, आणि न सांगण्यातच त्याचे वजन असते. भाषांतर करताना ‘नापसंत केले जाते’ अशी अवघडलेली रचना करण्यापेक्षा, संदर्भ जुळत असेल तिथे, ही ‘-त नाहीत’ची रचना अवश्य वापरून पाहावी. आपल्या पत्रातील वाक्याचे मराठी मी ‘कामाची वेळ संपल्यावर सहकाऱ्यांना फोन करत नाहीत’ असे करीन, आणि पत्र अगदी औपचारिक असेल तर ‘फोन करणे योग्य मानले जात नाही’ असे करीन.

आता व्यवहाराचा प्रश्न. कामाच्या पत्रात, विशेषतः इंग्लंडमधून आलेल्या पत्रात, हा प्रयोग आला की तो ‘करू नका’ असाच वाचावा. समोरच्याला थेट आज्ञा करण्याऐवजी आपल्याकडची रीत सांगायची आणि बाकीचे त्याने समजून घ्यायचे, ही तिथल्या पत्रव्यवहारातील सौजन्याची पद्धत आहे. ‘पण चालते’ असा अर्थ घेणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांनी इथे शब्दांचा सौम्यपणा हा अर्थाचा सौम्यपणा मानला. तरीही ‘मनाई आहे’ हे भाषांतर मी मान्य करणार नाही, आणि त्याचे कारण बारीक असले तरी महत्त्वाचे आहे. रात्री अकरा वाजता सर्व्हर बंद पडला आणि आपण दिलगिरी व्यक्त करून फोन केला, तर ‘फ्राउन्ड अपॉन’ लिहिणारा माणूस तो फोन समजून घेईल. ‘प्रोहिबिटेड’ लिहिले असते, तर त्या फोनचा खुलासा वरिष्ठांकडे लेखी द्यावा लागला असता. सबळ कारण असेल तर रीत बाजूला ठेवता येते, नियम ठेवता येत नाही. हा फरक या एका शब्दात साठवलेला आहे, म्हणून भाषांतरात तो पुसला जाऊ नये.

कायदा आणि लोकमत यांच्यातील अंतर समजण्यासाठी पुण्याच्याच इतिहासातील एक उदाहरण फार उपयोगी पडते. हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला. म्हणजे त्या वर्षापासून असा विवाह कायदेशीर होता, पण लोकांनी त्याला नावे ठेवणे काही थांबले नाही. या परिस्थितीचे वर्णन इंग्रजीत ‘विडो रिमॅरेज वॉज लीगल, बट इट वॉज स्टिल फ्राउन्ड अपॉन’ असे अचूक करता येते, आणि ‘स्टिल’ हा शब्द या क्रियापदाबरोबर वारंवार का येतो, हेही त्यातून कळते. पुढे १८९३ साली, फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्यानंतर त्यांच्या मूळ गावी, मुरूडला, त्यांच्यावर बहिष्कार घालण्यात आला. या प्रसंगासाठी मात्र ‘फ्राउन्ड अपॉन’ वापरता येणार नाही. घरच्यांनाही भीतीने अंतर ठेवावे लागणे आणि गावाने संबंध तोडणे, याला आठ्या घालणे म्हणत नाहीत. ते वाळीत टाकणे आहे आणि इंग्रजीत त्याला ‘ऑस्ट्रसाइज’ हे वेगळे क्रियापद आहे. ज्यांनी तो जाच सोसला त्यांच्याविषयी लिहिताना सौम्य शब्द निवडणे ही नुसती भाषेची चूक राहत नाही, ती त्यांच्या सोसण्यावर अन्याय करते.

उलट दिशेनेही सांभाळावे लागते. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराला आळा घालणारा २०१६ सालचा कायदा आहे. त्यामुळे आज ‘सोशल बॉयकॉट इज फ्राउन्ड अपॉन’ असे कोणी लिहिले तर ते वाक्य व्याकरणाने शुद्ध असूनही वस्तुस्थितीला सोडून होईल, कारण ती कृती आता गुन्हा आहे. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाचेही तसेच. २ ऑक्टोबर २००८ पासून त्यावर देशभर बंदी लागू आहे, तेव्हा एखाद्या कार्यालयाने जिन्यात ‘स्मोकिंग इज फ्राउन्ड अपॉन’ अशी पाटी लावू नये. ‘प्रोहिबिटेड’ असेच लिहावे. गच्चीवर मोठ्याने फोनवर बोलण्याबद्दलची पाटी असेल, तर हा प्रयोग शोभून दिसेल.

प्रश्न : मी हडपसर परिसरातील एका शाळेत इंग्रजी शिकवते. नववीच्या एका मुलाने निबंधात ‘माय फादर फ्राउन्ड अपॉन मी बिकॉज आय केम लेट’ असे लिहिले. मला ते खटकले, पण चूक नेमकी कशी समजावून सांगावी ते सुचेना. ‘ऑन’, ‘अपॉन’ आणि ‘ॲट’ यांत फरक काय?
— एक शिक्षिका

उत्तर : आपल्याला खटकले ते योग्यच आहे. वडिलांनी त्या क्षणी मुलाकडे पाहून खरोखर कपाळाला आठ्या घातल्या, असे त्याला सांगायचे आहे, म्हणून तिथे ‘फ्राउन्ड ॲट मी’ हवे. ‘ॲट’ आले की एक चेहरा, एक क्षण आणि ज्याच्याकडे पाहिले तो माणूस किंवा ती वस्तू, असे डोळ्यांसमोर यावे. ‘ऑन’ किंवा ‘अपॉन’ आले की कोणी कोणाकडे पाहिलेच पाहिजे असे नाही. तिथे कायमचे मत असते आणि ते माणसाविषयी नसून वागण्याविषयी असते. त्याच मुलाला ‘माय फादर फ्राउन्स ऑन कमिंग होम लेट’ असे वाक्य करून दाखवावे, म्हणजे ‘वडिलांना उशिरा घरी आलेले खपत नाही’ हा अर्थ त्यात कसा येतो, हे त्याला लगेच दिसेल. दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी लिहिली तर वेगळे स्पष्टीकरण देण्याचीही गरज उरणार नाही.

माणूस कर्म म्हणून येण्याला एक जुना, ग्रंथांतला अपवाद आहे. ‘फॉर्च्यून फ्राउन्ड अपॉन हिम’ म्हणजे दैव त्याच्यावर रुसले. आणि त्याच्या उलट ‘फॉर्च्यून स्माइल्ड ऑन हिम’. नववीच्या वर्गात तो सांगितला नाही तरी चालेल.

‘ऑन’ आणि ‘अपॉन’ यांत अर्थाचा फरक नाही. ‘अपॉन’ अधिक औपचारिक आहे, आणि वाक्य कर्मणी असून क्रियापद शेवटी आले की बहुतेक लेखक तेच निवडतात. पुढे क्रियापद जोडायचे असेल तर ते ‘-इंग’ लावून जोडावे: ‘दे फ्राउन ऑन ईटिंग इन द लायब्ररी’. आपली मुले तिथे ‘फ्राउन ऑन टू ईट’ असे लिहितात, ते चूक आहे. मात्र वाक्याची सुरुवात ‘इट’ने केली तर ‘टू’ चालते: ‘इट इज फ्राउन्ड अपॉन टू ईट इन द लायब्ररी’.

प्रश्न : मी सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो. सराव प्रश्नपत्रिकेत ‘पीपल फ्राउन अपॉन लेट कमिंग’ या वाक्याचा कर्मणी प्रयोग विचारला होता. मी ‘लेट कमिंग इज बीइंग फ्राउन्ड बाय द पीपल’ असे उत्तर लिहिले आणि गुण गेले. त्यात चूक कोणती?
— एक विद्यार्थी

उत्तर : अपेक्षित उत्तर ‘लेट कमिंग इज फ्राउन्ड अपॉन’ हे आहे. आपल्या वाक्यात काळ बदलला, ‘अपॉन’ गळाले आणि ‘बाय द पीपल’ अनावश्यक आले. या तीन गोष्टींपैकी ‘अपॉन’ गळणे हा सर्वांत मोठा दोष आहे आणि तो मराठी भाषकांच्या हातून का घडतो हे समजून घेतले, तर तो पुन्हा होणार नाही.

‘उशिरा येण्याला लोक नावे ठेवतात’ या वाक्यात ‘ला’ हा प्रत्यय नामाला चिकटलेला आहे. नाम वाक्यात कुठेही हलवले तरी तो त्याच्याबरोबर जातो. त्याला मागे सोडून नाम पुढे गेले, असे मराठीत होतच नाही. इंग्रजीत मात्र ‘अपॉन’ची गाठ क्रियापदाशी इतकी घट्ट बसलेली असते की कर्म उठून वाक्याच्या सुरुवातीला गेले तरी ते जागचे हलत नाही. आपल्या कानाला ते लोंबकळल्यासारखे वाटते आणि हात नकळत ते खोडतो. ‘ही वॉज लाफ्ड ॲट’, ‘द डॉक्टर वॉज सेंट फॉर’ या वाक्यांतही तसेच आहे; ‘ॲट’ आणि ‘फॉर’ काढले की अर्थच मोडतो. पुढे लगेच दुसरे शब्दयोगी अव्यय आले की चूक आणखी सहज होते. ‘लेट कमिंग इज फ्राउन्ड अपॉन इन अवर ऑफिस’ यात ‘अपॉन’ आणि ‘इन’ शेजारी आले म्हणून एक वगळावेसे वाटते, पण दोन्ही हवेत: पहिले क्रियापदाचे आहे, दुसरे ऑफिसचे.

काळाविषयी इतकेच सांगतो की हे क्रियापद रीत सांगते, चालू घटना सांगत नाही, म्हणून साधा वर्तमानकाळ वापरावा. ‘बीइंग’ घालण्याची आपल्या देशातील इंग्रजीला सवय आहे; इथे ती आवरावी. ‘बाय’ मात्र सरसकट चूक नाही. ‘फ्राउन्ड अपॉन बाय द ओल्डर मेंबर्स ऑफ द फॅमिली’ यात घरातील तरुणांना ती गोष्ट गैर वाटत नाही, अशी माहिती मिळते, म्हणून तिथे ते हवे. ‘बाय द पीपल’मधून काहीच कळत नाही.

व्याकरणाच्या कडक परिभाषेत या क्रियापदाला ‘प्रिपोझिशनल व्हर्ब’ म्हणतात, कारण कर्म मध्ये घालून ‘फ्राउन इट अपॉन’ असे म्हणता येत नाही. ‘टोल्ड हिम ऑफ’मध्ये ते घालता येते. परीक्षेच्या पुस्तकांत दोन्ही ‘फ्रेझल व्हर्ब’ या एकाच मथळ्याखाली येतात आणि आपल्या कामापुरते तेवढे पुरे आहे.

प्रश्न : मी निवृत्त असून रोज एक मराठी आणि एक इंग्रजी वृत्तपत्र वाचतो. इंग्रजी वृत्तपत्रात न्यायालय कधी ‘फ्राउन्स ऑन’, तर कधी ‘पुल्स अप’ असते, आणि मराठीत मात्र दोन्हींसाठी ‘फटकारले’ असे छापतात. हे बरोबर आहे का? शिवाय ‘लुक डाउन अपॉन’ हे याच कुटुंबातले मानावे का?
— एक ज्येष्ठ वाचक, सहकारनगर

उत्तर : आपले निरीक्षण अगदी योग्य आहे आणि मला ही तक्रार रास्त वाटते. ‘हायकोर्ट फ्राउन्स ऑन डिले’ म्हणजे न्यायालयाने विलंबाबद्दल नाराजी व्यक्त केली. ‘हायकोर्ट पुल्स अप सिव्हिक बॉडी’ म्हणजे न्यायालयाने महापालिकेला फटकारले. पहिल्यात प्रथा किंवा कृती हे कर्म आहे, दुसऱ्यात व्यक्ती किंवा संस्था. आणि तीव्रता तर उघडच वेगळी आहे. न्यायालयाने निकालपत्रात कठोर शब्दांत दोष दाखवला असेल, तर त्यासाठी आपल्याकडे ‘ताशेरे ओढले’ हा रुळलेला शब्दप्रयोग आहे. ‘नाराजी’, ‘फटकारणे’ आणि ‘ताशेरे’ अशा चढत्या पायऱ्या मराठीत तयार असताना सगळीकडे एकच शब्द छापला, तर न्यायालय नेमके किती रागावले होते हे वाचकापर्यंत पोहोचत नाही. मथळ्यातील जागेची अडचण मला ठाऊक आहे. पण ‘नाराजी’ हा शब्द ‘फटकारले’पेक्षा लांब नाही.

जाता जाता, रागावण्याचा अर्थ असलेल्या ‘टिक ऑफ’पासून सावध राहावे. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे त्याचा अर्थ कानउघाडणी करणे असा होतो, तर अमेरिकेत एखाद्याला चिडवणे, संताप आणणे असा. ‘माय बॉस टिक्ड मी ऑफ’ हे वाक्य पुण्यातील माणसाने लिहिले तर साहेब त्याला बोलले, आणि अमेरिकेतील माणसाने लिहिले तर साहेबांमुळे त्याचे डोके फिरले.

‘लुक डाउन अपॉन’ नापसंतीच्या घरातले असले, तरी त्याचा स्वभाव वेगळा आहे. ‘फ्राउन अपॉन’मध्ये कृत्य गैर ठरते, ‘लुक डाउन अपॉन’मध्ये माणूस हलका ठरतो, आणि पाहणारा स्वतःला वरचा समजत असतो. दोन्ही एकाच वाक्यात आणून फरक दाखवता येतो. अडखळत इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला काही जण ‘लुक डाउन अपॉन’ करतात, म्हणजे त्याला कमी लेखतात. आणि असे कमी लेखण्याला सुसंस्कृत माणसांनी ‘फ्राउन अपॉन’ केले पाहिजे. हे उदाहरण मी मुद्दाम घेतले आहे, कारण या सदराला येणाऱ्या पत्रांत ‘माझ्या इंग्रजीला हसतात’ हे वाक्य फार वेळा असते.

आपण पत्राच्या शेवटी ‘नाक मुरडणे’ हा अर्थ चालेल का, असेही विचारले आहे. अन्न, कपडे, स्थळ अशा आवडीनिवडीच्या गोष्टींना आपण नाक मुरडतो, आणि त्यात थोडा चोखंदळपणा असतो. सामाजिक संकेत मोडल्याची नापसंती त्यात पुरेशी येत नाही, म्हणून मी ते टाळीन. तरी आपल्या मनात नाक आले, त्याला व्युत्पत्तीचा आधार आहे. ‘फ्राउन’ हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला, आणि त्याचे मूळ नाकपुडी या अर्थाच्या केल्टिक शब्दात असावे, असे अभ्यासक मानतात. इंग्रजीत येईपर्यंत आठी नाकावरून कपाळावर चढली. अमेरिकेत तर आता ‘फ्राउन’ म्हटल्यावर पुष्कळांच्या डोळ्यांसमोर ओठांचे कोपरे खाली वळलेला चेहरा येतो. मोबाइलवरील ‘फ्राउनिंग फेस’ या चिन्हातही तोंडच खाली वळलेले असते.

प्रश्न : उच्चार ‘फ्रोन’ की ‘फ्राउन’?
— एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : ‘फ्राउन’. त्याचे यमक ‘टाउन’, ‘डाउन’, ‘ब्राउन’ यांच्याशी जुळते, ‘ग्रोन’ किंवा ‘थ्रोन’शी नाही. भूतकाळाचे रूप ‘फ्राउन्ड’ असे एका दमात म्हणावे. ‘फ्राउनेड’ असा शेवट तोडू नये. आणि ‘फ्राउन्ड अपॉन’ असे वाक्याच्या शेवटी आले, तर ‘अपॉन’ गिळू नये, ते स्पष्ट ऐकू आले पाहिजे.